पेटी बंद करायच्या आधी

मिस्त्रींशी कुणी मागून बोललेलं त्यांना खपत नसे. "समोर येऊन बोल. मागून आवाज द्यायला तू काय पिंपळावरचा मुंजा हायेस?" असं ते गिऱ्हाइकाला सुनवायचे, मग ते गिऱ्हाईक तलाठी असो, डॉक्टर असो नाहीतर मी. समोर गेलं की हातातलं काम थांबवून आपल्या तोंडाकडे रोखून बघत. बोलणं संपलं की परत पत्र्याकडे. पहिले काही महिने मला वाटायचं, काय हा माज! गाडी आमची, आणि शाळेतल्या पोरासारखं समोर उभं आम्हीच राहायचं.

महाडहून पोलादपूरला येताना, गावाच्या अलीकडे जुन्या रस्त्याला त्यांची शेड होती. चौपदरी रस्ता झाला आणि तो तुकडा बाजूला पडला. शेडवर बोर्ड नव्हता. बाहेर एका तारेवर गाड्यांचे कापून काढलेले गंजके तुकडे सुकत घातलेल्या बोंबलांसारखे लटकत असत, तोच बोर्ड. गंमत म्हणजे शेडच्या स्वतःच्या छपराला जागोजागी भोकं होती आणि त्यांच्या खाली डबे ठेवलेले होते. मी एकदा म्हटलं, "मिस्त्री, जगाचे पत्रे बदलता, हे वरचे कधी?" तर म्हणाले, "ते काय हायवेला पळणार हायत?"

इंजिनाला ते हात लावत नसत. रंगही दुसऱ्याकडून करून घ्यायचा. त्यांचं काम फक्त पत्र्याचं. गंजलेला भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापायचा, तसाच नवा घडवायचा आणि जोडायचा. आणि एक वाक्य ते चहा मागवावा इतक्या सहज बोलत, "चाळीस वर्षं झाली, माझ्याकडून गेलेली गाडी पत्र्यासाठी परत आली नाय." बाकी त्यांच्याकडे मिरवण्यासारखं काही नव्हतं. घरी एक खाट, एक बंब आणि डोंबिवलीला मुलगा. मिरवायला तेवढं ते वाक्य होतं.

ते वाक्य मोडायची पाळी माझ्या गाडीनं आणली. त्यात निम्मा हात माझा होता, म्हणून हे लिहितेय.

गाडी म्हणजे कॉन्टेसा. लांबलचक नाकाची, रुंद छातीची, आपल्या रस्त्यांवरची पैलवान. ती आमची नव्हती. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, महाडच्या एका कारखानदाराकडे ती बावीस वर्षं चालवली. मालक म्हातारपणी मुलाकडे परदेशी गेले. जाताना आबांच्या हातात चावी ठेवून म्हणाले, "तूच चालवलीस, तूच ठेव." आबांनी ती आमच्या गावी, कापड्याला, आणून फणसाखाली उभी केली. वर प्लॅस्टिक बांधलं. पण आमच्याकडे पाऊस नुसता वरून पडत नाही, आडवाही येतो. दोन-चार वर्षांत कोंबड्या डिकीत अंडी घालायला लागल्या. एका श्रावणात मी दार उघडलं तर क्लचच्या शेजारी गवत उगवलेलं. तळातून वर आलेलं, चांगलं वीतभर.

शाळेत मला "ड्रायव्हरची पोरगी" म्हणत. मला त्याची लाज नव्हती, पण मी ते विसरलेही नव्हते. आमच्या वाडीत पहिली बी.ए. मी. मग बी.एड. केलं, पोलादपूरला हायस्कुलात लागले, आणि मनाशी ठरवलं की ही गाडी उभी करायची. आबा मागच्या सीटवर बसतील आणि मी चालवीन. ज्या माणसानं बावीस वर्षं दुसऱ्यांसाठी मागचं दार उघडलं, त्याच्यासाठी मी ते उघडीन. बस, एवढंच.

टेम्पोवर घालून गाडी मिस्त्रींकडे नेली. त्यांनी खिशातून स्टीलचा चमचा काढला. हॉटेलातला, दांडीवर फुली असलेला. गाडीभोवती फिरत ते जागोजागी चमचा मारत गेले. चांगला पत्रा टणकन वाजायचा, सडलेला ठप्प. "हा बोलतो. हा बोलतो. हा गप बसला. हा पण गप." असं करत पूर्ण फेरी मारली आणि आबांना विचारलं, "मालक कोण?"

मी त्यांच्या मागून म्हटलं, "मी."

त्यांनी लक्षच दिलं नाही. परत आबांनाच, "मालक कोण, काका?"

माझं डोकं फिरलं. मी समोर जाऊन उभी राहिले. "मालक मी. बी.ए. झालेय, नोकरीला आहे, आणि गाडी माझ्या नावावर केलीय. बोलायचं ते माझ्याशी बोला."

ते शांतपणे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं, बी.ए."

तेव्हापासून माझं नाव बी.ए. शाळेतले शिपाईसुद्धा पुढे चिडवायला लागले.

"किती दिवस लागतील?"

"दिवस इचारू नको. पाऊस इचार. दोन पाऊस."

दोनाचे तीन झाले. कारण मिस्त्रींना घाई जमत नसे आणि पुट्टीचा त्यांना शत्रूसारखा राग होता. सडलेल्या भोकावर पुट्टी थापायची, घासायची, रंग मारायचा, ही बाकीच्यांची रीत. महाडात मोठा पूर येऊन गेला त्या वर्षी एक जुन्या गाड्यांचा व्यापारी पाण्यात बुडालेल्या चार गाड्या घेऊन त्यांच्याकडे आला. वरून तेवढ्या चकाचक करून द्या म्हणाला. मिस्त्रींनी नकार दिला. महिन्याभरानं त्यातलीच एक गाडी एका शिक्षकानं विकत घेऊन, सहज दाखवायला म्हणून, शेडवर आणली. मिस्त्रींनी छिन्नी घेतली आणि दाराच्या खालून भाकरीएवढं पुट्टीचं ढेकूळ काढून त्या गुरुजींच्या हातात ठेवलं. "घ्या. हे तुमचं दार." ही गोष्ट मिस्त्री मला मुद्दाम सांगत, कारण मीही मास्तरीण. "शिकलेला माणूस रंग बघतो गो. आत कोण बघत नाय."

नव्या पत्र्याचे साचे ते लग्नपत्रिकांतून कापत. बाजारात आमच्या गाडीचा तयार पत्रा मिळत नव्हता, सगळं हातानं घडवायचं. त्यासाठी आधी जाड कागदाचा नमुना लागे, आणि आपल्याकडे लग्नपत्रिकेसारखा जाड कागद कुठे मिळतो? मे महिन्यात ते गाववाल्यांकडून पत्रिका गोळा करत. लग्नाला मात्र जात नसत. नमुना कापायच्या आधी पत्रिका मोठ्यानं वाचत, आणि मग मला सांगत, "ह्या मडगार्डात आडाव गल्लीतलं लग्न हाय. ह्या दारात तुझ्या मामेभावाचं." मी आले की चिडवत, "बी.ए., तुझी पत्रिका कधी? मागचा डावा कोपरा तिच्यासाठी ठेवलाय."

"माझ्या लग्नाची वाट बघाल तर गाडी पुन्हा गंजेल, मिस्त्री."

"मंग गंजू दे. घाई नाय."

त्यांना काम करताना बघणं हे मात्र एक शिक्षण होतं. सलग जोड मारत गेलं की उष्णतेनं पत्रा पापडासारखा उठतो. म्हणून ते इथे एक ठिपका, हातभर लांब दुसरा ठिपका, मध्ये ओलं फडकं फिरवायचं, असं करत. एका वितीच्या जोडाला अर्धा दिवस. मग मागून लोखंडी ठोकळा धरून पुढून हातोडी. एवढी बारीक की गल्लीत सोनार बसलाय असं वाटावं. शेजारी त्यांचा रेडिओ दिवसभर चालू, आणि कुठलंच स्टेशन नीट लागलेलं नाही. नुसती खरखर. मी एकदा विचारलं, "हे काय ऐकता?" तर म्हणाले, "सोबत."

फोनचीही तीच तऱ्हा. फोन करायचे, आपलं बोलायचे आणि ठेवून द्यायचे. "बी.ए., उजवं दार झालं." खट. आपण इकडे हॅलो हॅलो करत बसायचं. "फोन सांगायला असतो," ते म्हणत. "ऐकायचं असंल तर इकडं यायचं."

आणि त्यांचा तो नियम. गाडीत काही भाग आतून पोकळ असतात. दारांच्या खालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत एक लांब पोकळ भाग जातो, त्याला ते पेटी म्हणत. सगळ्या गाडीचा भार त्या दोन पेट्यांवर. पेटी एकदा बाहेरून बंद केली की आत काय आहे ते कुणाला दिसत नाही. म्हणून बंद करायच्या आधी मालकानं स्वतः यायचं, गोणपाटावर आडवं पडायचं, बॅटरीनं आत बघायचं, चमचा मारून बघायचा आणि तोंडानं म्हणायचं, "पाहिलं." मगच मिस्त्री बंद करणार. नमुन्याच्या मागच्या बाजूला पेन्सिलनं लिहून ठेवत, कुणी पाहिलं ते. मुंबईच्या एका साहेबांची जीप या पायी सात महिने शेडमध्ये उभी होती. साहेब फोनवर ओरडत, "अरे माझा विश्वास आहे तुझ्यावर!" मिस्त्री त्या वेळी फोन ठेवून पानाला चुना लावत बसलेले असत.

आमची उजवी पेटी मी रीतसर पाहिली. आडवी पडून, केसांत माती घेऊन. डाव्या पेटीची वेळ आली ती शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या दिवशी.

त्या संमेलनाची निमंत्रणपत्रिका मी आठवडाभर आधी मिस्त्रींना नेऊन दिली होती. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं आणि माझं नाव छापलं होतं, पुढे बी.ए., बी.एड. माझं नाव छापील कागदावर असं पहिल्यांदाच आलेलं. मिस्त्रींनी पत्रिका हातात घेतली, वाकवून बघितली आणि म्हणाले, "कागद चांगला हाय. जाड." माझ्या डोळ्यांदेखत कात्री चालली. डाव्या पेटीच्या मागच्या टोकाचा नमुना झाला. बी.ए. राहिलं, बी.एड. कापलं गेलं.

तर संमेलनाच्या दिवशी सकाळी फोन. "डावी पेटी झाली. येऊन बघ." खट.

मी शाळेत जाता जाता थांबले. अंगावर नवी काठपदराची साडी, केसांत अबोली.

"झोप," मिस्त्री म्हणाले.

"मिस्त्री, साडी बघा ना. उद्या येते."

"गोणपाट झटकलेला हाय. वेल्डिंगचा गॅस आजपुरताच हाय. बंद करायची तर आज."

मी पदर खोचला आणि अर्धी वाकले. मोबाईलचा उजेड आत टाकला. गंज धरू नये म्हणून मारलेला लाल रंग दिसला, पुढे काळोख. हात पोचला तिथे चमचा दोनदा मारला. टण, टण. उठले.

"मागच्या टोकाला मारलास?"

"मारला."

"बोलला?"

"बोलला. पाहिलं, मिस्त्री. करा बंद."

त्यांनी बघितलं. माझ्या तोंडाकडे, मग साडीकडे. मग पेन्सिल घेतली आणि नमुन्याच्या मागे लिहिलं, "डावी पेटी. बी.ए.ने पाहिली."

संमेलन छान झालं. सगळे म्हणाले, बाईंनी बाजी मारली.

गाडी तयार होऊन आली तेव्हा कापड्याला अख्खी वाडी गोळा झाली होती. मी मागचं दार उघडून उभी राहिले. आबा आले, दाराला हात लावला, ते हळूच लोटलं, आणि पुढे माझ्या शेजारी येऊन बसले. "मागं बसून काय दिसतंय?" म्हणाले. पहिल्यांदा लांब गेलो ते शिवथरला. पूर्ण रस्ता आबा रिकाम्या पायानं ब्रेक दाबत होते.

मग एक पावसाळा गेला, दुसरा गेला. दिवाळीच्या आधी गाडी धुताना डाव्या मागच्या दाराखाली मला एक फोड दिसला. करंगळीच्या नखाएवढा. मी स्वयंपाकघरातून चमचा आणला. टण. टण. टण. आणि फोडाशी, ठप्प.

मागच्या टोकाला नव्या पत्र्याच्या आड जुना सडका पत्रा राहिला होता आणि मी "बोलला" म्हणून सांगितलं होतं. महाडात कुणीही दोन तासांत ठिगळ लावून दिलं असतं. मिस्त्रींना कळलंही नसतं. त्यांचं ते वाक्य शाबूत राहिलं असतं.

आबांना मी तसं म्हटलंही. आबा विडी विझवत म्हणाले, "तिकडं नेलीस तर त्याला नाय कळायचं. पण तू त्याच्या समोर कशी उभी ऱ्हाशील?"

रविवारी गाडी घेऊन गेले. शेडमध्ये रेडिओ खरखरत होता. मिस्त्री माझ्याकडे पाठ करून बसले होते, हातोडी बाजूला, कात्रीला तेल लावत. मी रेडिओ बंद केला. ते वळले नाहीत. मी म्हटलं, "मिस्त्री." मग जरा मोठ्यानं, "मिस्त्री!" मग शाळेच्या मैदानावर ओरडते तसं. बाहेर रस्त्यावरचं कुत्रं उठून बसलं. मिस्त्री कात्रीला तेलच लावत होते.

तेव्हा मला सगळं एकदम दिसलं. तो मुंजा, तो फोन, ती खरखर. पहिल्या दिवशी मागून दिलेलं माझं उत्तर. त्यांनी मालकांना आडवं पाडून चमचा मारायला का लावलं, तेही कळलं.

मी समोर गेले.

"काय गो बी.ए.?" ते हसले. "पत्रिका आणलीस?"

"मिस्त्री, गाडी परत आलेय." मी सावकाश बोलले. "पत्र्यासाठी."

हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतलं गेलं. ते तारेवरच्या तुकड्यांकडे बघायला लागले.

"चूक माझी आहे. त्या दिवशी मी आडवी पडलेच नाही. मागच्या टोकाला चमचा मारलाच नव्हता. मी खोटं बोलले."

"मला म्हाईत हाय," ते म्हणाले. "तुझ्या साडीला माती नव्हती."

"मग बंद का केलीत?"

"बी.ए. बोलली म्हणून."

एवढं मला कधी कुणी झोडपलेलं नाही. मी कानाकडे बोट दाखवून विचारलं, कधीपासून?

"डावा कवाच गेला. उजवा पुराच्या साली. माणूस समोर असला तर तोंडावरनं कळतं. पत्र्याला कुठं तोंड हाय? बाहेरचा चमच्यातनं बोटांना कळतो, पेटीच्या आतला नाय कळत." त्यांनी चमचा खिशातून काढला, उगाच बोटांत फिरवला. "नेम पयल्यापासनं होता. आधी मालकाचे डोळे पायजे व्हते, मागनं कान. डेंटरला ऐकू येत नाय म्हटल्यावर कोण गाडी लावंल गो माझ्याकडं?"

मी हात पुढे केला. त्यांनी चमचा दिला. मी गोणपाट ओढला आणि आडवी पडले.

दोन रविवार आम्ही अख्खी गाडी तपासली. मी चमचा मारायची, गप्प लागला की हात वर करायची, ते खडूनं खूण करत. डाव्या पेटीचं मागचं टोक सोडलं तर बाकी सगळी गाडी बोलत होती. तिथं त्यांनी बाहेरचा पत्रा उघडला, आतला सडका भाग कापला. तारेच्या मागे एका खिळ्याला सगळ्या गाड्यांचे नमुने अडकवलेले होते, त्यातून बरोबर माझी निमंत्रणपत्रिका काढली. परत कापायला नको, साचा तयारच होता. नवा पत्रा बसला तेव्हा ते बाजूला सरकले. "बघ." मी बघितलं. बॅटरी घेऊन, शेवटच्या टोकापर्यंत, चार-चार बोटांवर चमचा मारत. मग बाहेर येऊन, त्यांच्या समोर उभी राहून, तोंड उघडून नीट म्हटलं, "बोलतो, मिस्त्री."

त्यांनी पेन्सिल घेतली. "बी.ए.ने" खोडलं आणि वर लिहिलं, "दोघांनी."

त्यानंतरही शेडवर कुणी आलं की ते सांगत, चाळीस वर्षांत माझ्याकडून गेलेली गाडी पत्र्यासाठी परत आली नाय. आणि माझ्याकडे हनुवटी उडवून पुढे जोडत, "एक आली. हिनं आणली." हे ते तक्रारीनं म्हणत नसत. तेवढं मला त्यांच्या तोंडावरून कळायला लागलं होतं.

मी वर्षभर रविवारी शेडवर जात होते, इतरांच्या गाड्यांना चमचा मारायला. मग त्यांचा मुलगा येऊन त्यांना डोंबिवलीला घेऊन गेला. शेडचे पत्रे कुणीतरी उतरवून नेले, त्या भोकांसकट. चमचा माझ्याकडे आहे, गाडीच्या कप्प्यात, त्या कापलेल्या पत्रिकेशेजारी.

दर वर्षी मेअखेरीला फोन येतो. यंदाही आला. मी वर्गाबाहेर येऊन घेतला.

"बी.ए., पाऊस येतोय. खाली झोप. चमचा मार."

खट.

संध्याकाळी घरी आले, गोणपाट टाकला, आडवी पडले. आबा पायरीवर बसून ऐकत होते. दोन्ही पेट्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाजवल्या आणि तशीच पडल्या पडल्या मोठ्यानं म्हटलं, "बोलते, मिस्त्री."